हिरव्या बांगड्यांतली मिल्क स्नेक

मिल्क स्नेक हा स्वभावाने लाजरा साप आहे. हे वाक्य मी आजवर पुष्कळ लोकांना ऐकवले आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी सापाकडे न पाहता माझ्याकडे पाहून हसले आहे. सगळ्यांत आधी हसला तो माझा नवरा.

सिंगापूरमध्ये घरी साप पाळायला कायद्याने बंदी आहे. तरीही कोणा हौशी माणसाने कपड्यांच्या कपाटात चोरून एक मिल्क स्नेक पाळली होती. ती पकडली गेली आणि शहराच्या उत्तरेकडच्या एका लहानशा प्राणी-केंद्रात येऊन राहिली. करंगळीहून जराशी जाड, हातभराहून थोडी लांब, आणि अंगावर तांबड्या, काळ्या व सायीच्या रंगाच्या पट्ट्यांची अशी काही आखणी की एखाद्या काटेकोर माणसाने फूटपट्टी घेऊन केली असावी. त्या केंद्रात रविवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून मी जाऊ लागले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. त्याआधीचे माझे आयुष्य एका बँकेच्या अकाउंट्स विभागात आणि बिशानच्या फ्लॅटमध्ये, कोणाला फारसा त्रास न देता गेले होते. मला खरे तर ससे सांभाळायचे होते. पण सशांकडच्या जागा भरल्या होत्या. सापांकडे एक जागा आहे, असे तिथल्या प्रमुख बाईंनी सांगितले, आणि 'नाही' म्हणणे मला कधीच जमलेले नसल्यामुळे मी सापांकडे गेले.

प्रमुख बाई म्हणजे एक निवृत्त चिनी शिक्षिका. त्यांच्या चष्म्यावरून येणाऱ्या नजरेपुढे वयाने मोठी माणसेही गृहपाठ विसरल्यासारखी उभी राहत. त्यांनी मला शिकवले ते एवढेच, की सापाकडे वरून हात न्यायचा नाही. वरून येते ती घार. साप तिलाच ओळखतो. हात बाजूने, खालून न्यायचा. आधी अंगाच्या मध्यावर हलकेच बोट टेकवून आपण आल्याची वर्दी द्यायची आणि मग तळवा पसरायचा. मिल्क स्नेक चावत नाही असे नाही, पण तिची पहिली इच्छा पळून जाण्याची असते. म्हणून तिला मुठीत धरायचे नाही. ती एका हातावरून निघाली की पुढे दुसरा हात ठेवायचा, त्यावरून निघाली की पुन्हा पहिला. आपण फक्त तिचा रस्ता व्हायचे. तिने काही खाल्ले असेल तर दोन दिवस तिच्या वाटेस जायचे नाही. कात टाकण्याआधी तिच्या डोळ्यांवर निळसर धुके येते, तेव्हाही नाही, कारण तेव्हा तिला धड दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला सगळेच शत्रू वाटतात.

हे सारे मी घरी आल्यावर जेवताना सांगत असे. म्हणजे सांगायला सुरुवात करत असे. वाक्य पुरे करण्याचे काम लग्नापासून माझ्या नवऱ्याकडे आहे. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवर मला काय खायचे आहे ते तो सांगतो, डॉक्टरांना माझे काय दुखते ते तो सांगतो, आणि इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत माझे मत काय आहे हेही बहुधा मला त्याच्याकडूनच कळते. यात त्याची दांडगाई नाही. मी वाक्याच्या मध्यावर थांबते, आणि त्याला रिकामी जागा पाहवत नाही.

घाबरलेली मिल्क स्नेक शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून एक स्राव सोडते. त्याच्या वासाचे वर्णन मी टाळते. पहिल्याच महिन्यात माझ्या हाताची पकड अंमळ घट्ट झाली, आणि तिने आपले मत माझ्या बाहीवर नोंदवले. साबणाने तीनतीनदा धुऊनही वास गेला नाही. त्या दिवशी परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खच्चून गर्दी असतानाही माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. आयुष्यात प्रथमच मी इतकी ऐसपैस बसून घरी आले. शाळेत जाणारी माझी मुलगी दार उघडून अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, यू स्टिंक, लाह," आणि दार पुन्हा लोटून घेतले.

हात स्थिर झाले, पण तोंडाचे काय करायचे हा प्रश्न राहिला. केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांसमोर साप हातावर घेऊन दहा मिनिटे बोलावे लागे. दोनदा मला उभे केले गेले, आणि दोन्ही वेळा मी सापाइतकीच गप्प राहिले. मुले जांभया देऊ लागली तेव्हा शेजारच्या कासवाच्या स्वयंसेवकाने मध्ये पडून वेळ निभावली. प्रमुख बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या की साप तुमच्या हातावर शांत राहतो, पण लोक इथे ऐकायला येतात. अजून एकदा पाहू. तेव्हाही जमले नाही तर साप दुसऱ्याकडे जाईल, आणि तुम्ही कोठीत सशांची गाजरे चिरायला या. तिथे बोलावे लागत नाही.

एरवी अशी जागा मी आनंदाने पत्करली असती. पण त्या वेळी माझ्या लक्षात आले की मला ती लाजरी, पट्ट्यापट्ट्यांची बाई सोडवत नाही. माझ्या हातावर ती जीभ बाहेर काढून हवा चाखत थांबते, घाईने कुठे जात नाही, आणि माझे कोणतेही वाक्य पुरे करत नाही.

ती 'अजून एकदा'ची वेळ कोणती, हे आमच्या मंडळाने ठरवले. त्या वर्षी नागपंचमी रविवारी आली होती. 'जिवंत नागदर्शन, सहकुटुंब' अशी कल्पना मंडळातल्या कोणाच्या तरी डोक्यात आली, आणि जिच्याकडे साप आहे अशी मंडळाची सदस्या मी एकटीच होते. प्रमुख बाईंनी आनंदाने परवानगी दिली. तुमची माणसे, तुमची भाषा. याहून सोपे काय असणार, असे त्या म्हणाल्या. आपल्या माणसांसमोर बोलणे हेच सगळ्यांत अवघड असते, हे त्यांना इंग्रजीत सांगायला मला शब्द सापडले नाहीत.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासरे गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिले होते. सून सापाला हात लावते हे कळल्यावर त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "तिला विचार, तो दूध पितो का?"

मी त्यांच्यापासून एका खुर्चीच्या अंतरावर उभी होते. पण आमच्या घरची रीत अशी आहे. भाजीतले मीठ, हवा, नातीची उंची यांवर सासूबाई आणि मी थेट बोलतो. जिथे कोणाला 'नाही' किंवा 'नको' म्हणण्याचा संभव असतो ते सारे बोलणे नवऱ्यामार्फत जाते. तेव्हा मीही त्याला सांगितले की कोणताच साप दूध पीत नाही. गोठ्यात उंदीर असतात म्हणून हे साप तिथे येतात, आणि लोक त्यांच्यावर गाईच्या दुधाचा आळ घेतात. आपल्याकडे धामणीवर घेतात तसाच. ही पिंजऱ्यातही उंदीरच खाते. नवऱ्याने हे सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि आईकडे वळून म्हणाला, "नाही पीत." उंदीर त्याने वाटेतच गाळले. आमच्या घरातली शांतता अशा गाळण्यावरच टिकून आहे.

नागपंचमीला बांगड्या भरायच्या म्हणून शनिवारी सासूबाई मला आणि मुलीला लिटल इंडियात घेऊन गेल्या. दुकानातल्या बाईने त्यांचा हात दाबून, चेपून, हिरव्या काचेच्या बांगड्या दोन्ही हातांत अशा भरल्या की त्या पुन्हा साबणाशिवाय निघू नयेत. मापाच्या बांगड्या अशाच हव्यात, असे त्यांचे मत. हात पंजाशी रुंद, पण मनगट वयाने बारीक झालेले. त्यामुळे एकदा पंजा ओलांडला की बांगड्या मनगटावर सैल किणकिणत राहत. मला मात्र घाम फुटला होता. सापाजवळ येणाऱ्याने अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या, असा केंद्राचा नियम होता. पण सणाच्या दिवशी, नवरा पुण्यात गुडघे धरून बसलेला असताना, सवाष्ण बाईला बांगड्या काढा असे कोण सांगणार?

माझा नवरा सांगणार. रविवारी सकाळी मी त्याला स्वयंपाकघरात गाठले. विळी आणि सुरी त्या दिवशी सासूबाईंनी कपाटात बंद करून ठेवली होती, कारण नागपंचमीला काही चिरत, कापत, मोडत नाहीत. गॅसवर पुरणाचे दिंड वाफवले जात होते. मी त्याला म्हटले की आईंना सापाला हात लावायचा असेल तर बांगड्या काढाव्या लागतील, आणि हळदकुंकू मुळीच न्यायचे नाही. तो म्हणाला, "सांगतो." मग मी माझ्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. काचेच्या असूनही त्या माझ्या हातांतून सहज निघाल्या, कारण मी त्या दुकानात हळूच एक माप मोठ्या घेतल्या होत्या. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की नवऱ्याने माझा संपूर्ण निरोप आईला पुढील शब्दांत पोचवला होता: "जरा जपून."

केंद्रातल्या छोट्या दालनात पुंगोल आणि सेंगकांग या नव्या वस्त्यांतली तरुण जोडपी, त्यांची मुले, बाबागाड्या आणि मंडळाचे पदाधिकारी असे सगळे दाटीने बसले होते. पुढच्या रांगेत माझे घर होते. मागे दाराशी प्रमुख बाई हाताची घडी घालून उभ्या. मी पेटीतून मिल्क स्नेकला बाजूने, खालून, रीतसर उचलले. ती हातावर आली आणि थांबली. मी "नमस्कार" म्हणाले, आणि तिथेच थांबले.

माझे पाठ केलेले पहिले वाक्य मला दिसत होते, पण घशापर्यंत येत नव्हते. पुढच्या रांगेत नवऱ्याचे ओठ उघडलेले मला दिसले. त्याने ते वाक्य घरी इतक्यांदा ऐकले होते की तो माझ्याहून चांगले म्हणू शकला असता. त्याचा श्वास घेऊन झाला होता. माझी गाजरे ठरल्यात जमा होती.

एवढ्यात सासूबाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, कमरेच्या पिशवीतून चांदीची कुयरी काढली, बोटाला कुंकू लावले आणि हात उंच करून, वरून, थेट सापाच्या डोक्याच्या दिशेने आणला.

"आई, वरून नको."

हे कोण बोलले म्हणून मी क्षणभर आजूबाजूला पाहिले. सासूबाईंना मी 'नको' म्हटलेले त्यांनी, त्यांच्या मुलाने आणि मी स्वतः त्या दिवशी प्रथमच ऐकले. त्यांचा हात हवेत थांबला. सवयीने त्या मुलाकडे वळल्या. "मग कसं, विचार तिला."

मी त्याची वाट पाहिली नाही. "कुंकू पुसा, हात खाली न्या, तळवा वर करा," मी म्हणाले. "आणि तिला येऊ द्या. बोलवू नका."

मुलीने ओल्या टिश्यूने आजीचे बोट पुसले. सासूबाईंनी टेबलावर तळवा पसरला. साप माझ्या बोटांवरून त्यांच्या तळव्यावर उतरला, उबदार मनगटाशी जाऊन जिभेने हवा चाखली, आणि मला काही सुचायच्या आत पहिल्या बांगडीखाली शिरला.

मिल्क स्नेकला अरुंद, झाकलेली जागा प्राणाहून प्रिय असते. झाडाची साल असो की दगडाखालची फट, अंगाला चहूकडून काहीतरी टेकले की तिला घर मिळाल्यासारखे वाटते. ती सगळ्या बांगड्यांखालून पलीकडे निघाली, तिथून वळली, मधल्या दोन बांगड्यांमधून परत वर आली, पुन्हा खाली गेली, आणि जणू कोणी गजरा विणून संपवावा तशी स्वस्थ पडून राहिली. फक्त डोके तेवढे बाहेर.

सासूबाई हलल्या नाहीत. नवरा मात्र उठला. "एकदोन बांगड्या वाढवून टाकू की," तो हसत म्हणाला. "काय होतंय."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सापाला न घाबरलेली बाई आता घाबरली होती. सणाच्या दिवशी हातातली बांगडी आपणहून फोडायची, आणि तीही पोटच्या पोराच्या सांगण्यावरून. मागून प्रमुख बाई एक पक्कड घेऊन पुढे आल्या. मी मोकळा हात आडवा धरला आणि त्यांना इंग्रजीत सांगितले की नाही, आज नाही. आज आमच्याकडे काही कापत नाहीत, मोडत नाहीत, आणि तशीही फुटलेली काच सापाच्या अंगात घुसेल. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, मग पक्कड खिशात ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मग ओढून काढ," नवरा म्हणाला.

"खवले मागच्या बाजूला वळलेले असतात. मागे ओढलं तर अडकतात, तिला दुखतं. तू बस."

तो बसला.

"कधी येईल ती बाहेर?" सासूबाईंनी विचारले. मुलाकडे न पाहता, मला.

"कंटाळा आला की."

"मग तोवर?"

तोवर बोलण्याखेरीज काहीच करण्यासारखे नव्हते. मी त्यांच्यासमोर लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि त्यांना सांगू लागले. हाताचा स्नायू आवळू नका, आवळला की तिला वाटते आपल्याला कोणी धरले. ही विषारी नाही, हे पट्टे दुसऱ्या एका विषारी सापासारखे दिसतात. बिचारीकडे विष नाही, म्हणून तिने नुसता पोशाख घेतला आहे. तिला बाहेरून कान नाहीत, टेबलाची थरथर तिला पोटाने कळते, तेव्हा मागच्यांनी पाय आपटू नयेत. ही जीभ म्हणजे तिचे नाक. ती तुम्हांला डसायला नव्हे, ओळखायला बाहेर येते आहे. मी सासूबाईंना सांगत होते, त्यामुळे बाकीची माणसे मला दिसतच नव्हती. माणसे मात्र ऐकत होती. एका छोट्या मुलीने मध्येच विचारले की तिला एकटे वाटत नाही का. मी म्हटले की नाही, तिला एकटेपण आवडते, त्याला ती घर म्हणते.

"आणि दूध खरंच पीत नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई. उंदीर खाते."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी मनगटाकडे पाहिले.

"बरंच आहे की," त्या म्हणाल्या. "उंदीर खाणारा कामाचा. दूध पिणारा आमच्याकडे आधीच एक आहे."

पन्नाशी उलटूनही झोपताना पेलाभर हळददूध घेणारा माझा नवरा पुढच्या रांगेत लाल झाला, आणि सारे दालन हसले. टेबल थरथरले. सापाने डोके आत घेतले. मी हात वर केला तशी माणसे गप्प झाली. माझ्या हाताने इतकी माणसे गप्प होतात हे मला नवे होते.

मग मला तिची पिशवी आठवली. पेटी साफ करताना तिला ठेवतो ती सुती पिशवी. तिच्या स्वतःच्या वासाची, आतून काळोखी. मी मुलीला ती आणायला सांगितली. पिशवीचे तोंड सासूबाईंच्या कोपराशी उघडे धरले आणि दिवे मंद करायला लावले. "आजी, डोन्ट मूव्ह, लाह," मुलगी कुजबुजली. आजी म्हणाली की मी हललेलेच नाही, हलतो आहे तो तुझा बाप.

बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली. मग डोके. मग तांबडा पट्टा, काळा, सायीचा. ती एकेका बांगडीतून सुटत गेली, आणि दर बांगडी सुटताना दुसरीवर टेकून हलकेच किणकिणली. शेपटीचे टोक पिशवीत गेले तेव्हा सासूबाईंनी हात वर करून बांगड्या मोजल्या नाहीत, नुसत्या एकदा वाजवून पाहिल्या.

एवढ्यावर सारे सुखरूप संपले असते. पण आनंदाच्या भरात नवरा पुढे आला, "शाब्बास गं," म्हणाला, आणि कौतुकाने पिशवीतल्या सापाला थोपटायला हात घातला. वरून.

परतताना एमआरटीत गर्दी होती. डब्याच्या एका टोकाला माझा नवरा, सणाचा नवा कुर्ता घालून, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागांच्या मधोमध बसला होता. मुलगी त्याला ओळखत नसल्यासारखी दाराशी उभी होती. दुसऱ्या टोकाला सासूबाई आणि मी दाटीने, खांद्याला खांदा लावून बसलो होतो. प्रमुख बाईंनी निघताना मला बोलावून सांगितले होते की पुढच्या रविवारी साप माझ्याकडेच राहील, मात्र बांगड्या नकोत. मी ते नवऱ्याला सांगायला तोंड उघडले होते. मग पाहिले तर तो फारच लांब होता.

"आई," मी म्हणाले, "पुढच्या रविवारी आलात तर बांगड्या काढाव्या लागतील."

"सण झाला की काढीन," त्या म्हणाल्या. "साबण लागेल. तू लावून दे." थोड्या वेळाने त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिले. "आणि तू एक माप मोठ्या घेतल्यास, ते मी दुकानातच पाहिलं होतं."

डब्याच्या त्या टोकाकडून नवऱ्याने खुणेने विचारले की आई काय म्हणते आहे. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या.